जामखेडचीं मुलें

एखाद्या देशाची प्रकृति कशी आहे हें पाहावयाचें असेल, तर तेथें जन्मलेल्या हजार बालकांपैकीं किती बालकें आपला पहिला वाढदिवस पाहतात तें मोजावें. हा आंकडा फार बोलका असतो. आईला पोटभर मिळतें कीं नाहीं, पिण्याचें पाणी स्वच्छ आहे कीं नाहीं, मुलीचें लग्न कोणत्या वयांत होतें, सुइणीचे हात धुतलेले असतात कीं नाहीं, आणि संकटाच्या वेळीं शेजारी धांवून येतो कीं आधीं जात विचारतो, या साऱ्या प्रश्नांचीं उत्तरें त्या एका आंकड्यांत सांठविलेलीं असतात. म्हणूनच आरोग्यशास्त्रज्ञ अर्भकांच्या मृत्यूच्या प्रमाणाला एवढें महत्त्व देतात.

आपल्या देशांतील या आंकड्याची कहाणी जुनी आहे. नाशिक येथें जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं सरकारनें एक समिति नेमिली आणि तिचा अहवाल १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. त्या अहवालांत १९३७ सालचे निरनिराळ्या देशांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले आहेत. न्यूझीलंडमध्यें दर हजार मुलांपैकीं ३१ मुलें वर्षाच्या आंत दगावत. इंग्लंड व वेल्समध्यें ५८. आणि ब्रिटिश हिंदुस्थानांत १६२. खेड्यापाड्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रें काढण्याची योजना या समितीनेंच मांडली. त्यानंतर पाव शतक लोटलें. देश स्वतंत्र झाला, शहरांत मोठमोठीं रुग्णालयें उभीं राहिलीं. आणि १९७१ सालीं अहमदनगर जिल्ह्याच्या एका कोंपऱ्यांतील कांहीं खेड्यांत मोजणी झाली, तेव्हां तेथील प्रमाण हजारीं १७६ निघालें. म्हणजे ब्रिटिश अमदानींतील सरासरीहूनहि तें अधिक होतें.

तीं खेडीं जामखेड तालुक्यांतील. तेथें १९७० सालीं सुरू झालेल्या आरोग्यकार्याची माहिती आज मी आपणांस सांगणार आहें. या संस्थेचें इंग्रजी नांव ‘काँप्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रॉजेक्ट’ असें आहे. आपण तिला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प म्हणूं. लोकांच्या तोंडीं मात्र ‘जामखेड प्रकल्प’ हेंच सुटसुटीत नांव रुळलें आहे.

ज्या जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, त्याच्या आग्नेय टोंकाला, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर हा तालुका येतो. अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव चौंडी याच तालुक्यांत आहे, आणि १७९५ सालीं मराठे व निजाम यांची जेथें निर्णायक गांठ पडली तो खर्डाहि येथलाच. इतिहासानें या मुलखाला मान दिला, पण पावसानें कधीं भरंवसा दिला नाहीं. ज्वारी-बाजरीचें जिराइती पीक हाच आधार. तेंहि गेलें कीं, ऊंसतोडीला कारखान्यांकडे जावयाचें, आणि जातांना कडेवरचें पोर बरोबर न्यावयाचें, असा येथल्या कित्येक कुटुंबांचा वर्षक्रम असे. अशा ठिकाणीं आजाराचें मूळ शोधूं गेल्यास तें बहुधा दवाखान्याच्या बाहेरच सांपडतें.

हें मूळ ज्यांनीं शोधलें ते डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे. रजनीकांत हे नगर जिल्ह्यांतलेच. मेबल यांचा जन्म जबलपूरचा. दोघांचें वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत झालें, आणि १९६० सालीं विवाहबद्ध होतांना दोघांनीं आपलें आयुष्य खेड्यांतील गरिबांसाठीं वेंचण्याचा निश्चय केला. त्यानंतर नेवासें तालुक्यांतील वडाळा बहिरोबा येथील मिशनच्या रुग्णालयांत त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें.

वडाळ्याच्या त्या वर्षांनीं त्यांना एक कटु सत्य शिकविलें. रुग्णालय उत्तम चाले, रोग्यांची रीघ लागे, आणि तरीहि भोंवतालच्या खेड्यांतील आजार कमी होत नसत. हगवणीनें सुकलेलें मूल दवाखान्यांत येई, बरें होऊन घरीं जाई आणि पुन्हा तेंच पाणी पिऊन तोच आजार घेऊन परत येई. गळक्या छपराखालीं भांडीं मांडून ठेवावींत आणि तीं भरलीं म्हणजे रिकामीं करीत राहावें, तशांतला हा प्रकार होता. छपरावर चढल्यावांचून गळती थांबणार नव्हती. शिवाय जे दवाखान्यापर्यंत पोंचत ते त्यांतल्या त्यांत सुदैवी. सर्वांत गरीब होते ते कधींच पोंचत नसत. त्यांचीं मुलें घरींच जन्मत आणि घरींच मरत. त्यांची नोंद कोणत्याहि वहींत होत नसे.

हा प्रश्न मनांत घेऊन आरोळे दांपत्य अमेरिकेस गेलें. तेथें वैद्यकाचें पुढील शिक्षण घेतल्यावर दोघांनीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत डॉ. कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखालीं सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा अभ्यास केला. परदेशीं राहून सुखानें व्यवसाय करणें सोपें होतें. परंतु १९७० सालीं तीं दोघें परत आलीं आणि मोठें शहर सोडून त्यांनीं जामखेडची निवड केली. तेथील पुढारी मंडळींशीं बोलणें झालें. गांवानें जनावरांच्या दवाखान्याची जुनी, वापरांत नसलेली इमारत देऊं केली आणि तेथेंच माणसांच्या दवाखान्याचा आरंभ झाला.

प्रारंभींच डॉक्टरांच्या ध्यानांत आलें कीं, लोकांच्या मनांत आरोग्याला पहिलें स्थान नाहीं. आधीं पोटोबा मग विठोबा, ही म्हण कांहीं उगीच पडलेली नाहीं. प्रकल्पाचा आरंभ आणि १९७२ च्या भीषण दुष्काळाची चाहूल हीं एकाच वेळीं आलीं. लोकांना हवें होतें अन्न आणि पाणी. पुस्तकी वृत्तीचा वैद्य येथें म्हणाला असता कीं, हें माझें काम नव्हे. आरोळ्यांनीं तें आपलें मानलें. लहान मुलांना एक वेळ सकस जेवण मिळावें म्हणून गांवांत सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. शेतकऱ्यांनीं त्यासाठीं धान्य दिलें, कोणीं जमीनहि देऊं केली. मजुरीच्या बदल्यांत धान्य देऊन बांधबंदिस्तीचीं व पाण्याचीं कामें काढण्यांत आलीं. पिण्याच्या पाण्यासाठीं विंधनविहिरी खोदावयाचें ठरलें.

या विहिरींची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गांवांतील मूळची विहीर दलितांना बंद असे. ओंजळींत कोणी पाणी ओतील तेव्हां प्यावयाचें, नाहीं तर ओढ्याच्या गढूळ पाण्यावर भागवावयाचें. आतां नव्या विहिरींच्या जागा ठरवितांना डॉक्टर आरोळे भूगर्भतज्ज्ञाबरोबर स्वतः हिंडले आणि त्या जागा दलितांच्या वस्तींतच निश्चित होतील अशी त्यांनीं खबरदारी घेतली. स्वच्छ पाणी हवें तर आतां साऱ्या गांवाला त्या वस्तींत घागर घेऊन जाणें भाग पडलें. जातिनिर्मूलनावर त्यांनीं व्याख्यान दिलें नाहीं. पंपाचा दांडा मात्र अशा जागीं रोंवला कीं, व्याख्यानाची गरज उरली नाहीं. बालकांच्या आरोग्याशीं याचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध सरळ आहे. गांवांतील ज्या घरांना स्वच्छ पाणी मिळत नाहीं, त्याच घरांतील मुलें हगवणीनें आधीं मरतात.

पाण्याची सोय झाली. परंतु घरोघरीं आरोग्याचें ज्ञान कोण पोंचविणार हा प्रश्न राहिलाच. प्रथम शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिलें. तो प्रयोग फसला. परिचारिका तरुण, बहुधा अविवाहित आणि बाहेरगांवच्या. खेड्यांत एकटें राहणें त्यांना धोक्याचें वाटे, आणि चार मुलांच्या आईनें काल आलेल्या मुलीचें बाळंतपणांत ऐकावें तरी कां? तेव्हां गांवांतीलच एखाद्या बाईला शिकवावें अशी सूचना पुढें आली. गांवानें आपल्यांतूनच बाई निवडावी, ती विवाहित, मुलाबाळांची, लोकांना विश्वासाची वाटणारी असावी, एवढीच अट. साक्षरतेची अट घातली नाहीं, कारण ती घातली असती तर त्या काळीं बहुतेक खेड्यांत एकहि बाई मिळाली नसती. अशा रीतीनें ज्या स्त्रिया निवडल्या गेल्या त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, आणि कांहीं घरांतून टाकलेल्या होत्या. पिकतें तेथें विकत नाहीं असें आपण म्हणतों. गांवांत जें पिकत होतें त्याची किंमत ओळखण्याचें काम येथें प्रथम झालें.

शिक्षणाची पद्धति साधी होती. आरोग्यसेविका आठवड्यांतून एकदां जामखेडला येत, तेथें मुक्काम करीत आणि चित्रें, गाणीं, प्रश्नोत्तरें यांच्या साहाय्यानें एकेक विषय शिकत. शिकलेलें परत शिकवून दाखवावें लागे, म्हणजे कोठें चुकतें तें कळे. वेगवेगळ्या जातींच्या बाया एका पंक्तीला जेवत आणि एकाच दालनांत निजत. हाहि शिक्षणाचाच भाग होता. गांवीं गेल्यावर त्यांच्या मदतीला ठराविक वेळीं डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांचें फिरतें पथक येई. त्या पगारी नोकर नव्हत्या. स्वतःच्या पायावर उभें राहतां यावें म्हणून त्यांना एखादा छोटा धंदा करण्यास साहाय्य दिलें जाई. १९८८ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या एका परिषदेंत जामखेडची एक आरोग्यसेविका बोलावयास उभी राहिली. सभागृहांतील झुंबराकडे दाखवून तिनें सांगितल्याचा आशय असा कीं, हें झुंबर डोळे दिपविणारें आहे, पण तें महाग आणि आमच्या हाताला न लागणारें. आमची पणती लहान, परंतु एका पणतीनें दुसरी लावतां येते. मोठें रुग्णालय आणि गांवची आरोग्यसेविका यांतील भेद याहून नेमका क्वचितच कोणीं मांडला असेल.

आतां ही बाई करते तरी काय, तें पाहूं. त्यासाठीं खेड्यांतील मूल कशानें मरत असे हें समजून घेतलें पाहिजे.

पहिलें संकट जन्माच्या क्षणींच. नाळ कापावयाची ती घरांतल्या विळ्यानें किंवा हातीं लागेल त्या धारेच्या वस्तूनें, आणि वर राख किंवा शेण लावावयाचें, अशी अनेक ठिकाणीं रीत होती. त्यांतून धनुर्वाताचे जंतु शरीरांत शिरत आणि आठवड्याभरांत कोंवळें बाळ आंचके देऊन जाई. लोक त्याला कांहीं तरी बाहेरची बाधा समजत. आरोग्यसेविकेनें दोन गोष्टी केल्या. गरोदरपणीं आईला धनुर्वाताची लस टोंचून घेण्यास लावलें. आणि बाळंतपणाला साबण, उकळलेला दोरा व नवें पातें एवढें साहित्य वापरण्याची संवय लावली. या साहित्याला किंमत किती? एका विड्याच्या पानाच्या डब्याहून कमी. पण त्यानें जीव वांचतो.

दुसरें, पहिल्या दुधाचा प्रश्न. बाळंतिणीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर दुधाला आपण चीक म्हणतों. तो अपायकारक मानून पिळून टाकण्याची चाल पुष्कळ घरांत होती, आणि तोंवर बाळाला मधाचें किंवा गुळाचें पाणी चाटवीत. वास्तविक रोगाशीं झुंजण्याची शक्ति देणारे पदार्थ त्या चिकांत भरपूर असतात. गाईच्या वासराला पहिला चीक पाजल्यावांचून शेतकरी राहत नाहीं. मग आपल्या लेंकरालाच तो कां नाकारावा, एवढा प्रश्न सेविकेनें विचारला कीं, सासूहि विचारांत पडे.

तिसरें आणि सर्वांत मोठें संकट हगवणीचें. मूल हगवणीनें मरतें तें रोगजंतूंमुळें फारसें नव्हे, तर अंगांतील पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळें. डोळे खोल जातात, टाळू बसते, कातडी चिमटींत धरली तर तशीच राहते. अशा वेळीं पाणी दिलें तर जुलाब वाढतील या समजुतीनें घरचीं माणसें तहानलेल्या मुलाचें पाणी तोडीत, आणि तीच गोष्ट प्राणघातक ठरे. शास्त्रज्ञांना असें आढळलें कीं, आंतड्यांतून मीठ शोषून घेण्याला साखरेचें साहाय्य होतें आणि मिठाच्या पाठोपाठ पाणीहि शोषलें जातें. १९७१ सालीं बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ होती आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें होतें. तेथें डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी तोंडानेंच पाजण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर केला, आणि शेंकडा ३० च्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४ च्या खालीं आलें. जामखेडच्या सेविकांनीं हें ज्ञान चुलीपर्यंत नेलें. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेंच तें औषध. मीठ जास्त पडतां कामा नये. पाण्याची चव डोळ्यांतील आंसवांहून खारट लागूं नये, इतकें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे. हें मिश्रण दर जुलाबामागें थोडें थोडें पाजीत राहावें, आणि अंगावरचें दूध मुळींच बंद करूं नये.

चौथें संकट उपासमारीचें. परंतु हें फार गुपचूप येतें. रोज दिसणारें मूल हळूहळू खंगत चाललेलें आईच्या ध्यानांत येत नाहीं. सेविका मुलांचें वजन करी आणि दंडाचा घेर मोजी. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, तर मूल गंभीर कुपोषित आहे असें आजचें शास्त्र मानतें. ही मोजणी निरक्षर बाईलाहि करतां येते. मग ती आईला सांगे कीं, सहा महिन्यांनंतर नुसतें दूध पुरत नाहीं. भाकरी वरणांत कुसकरून, वर थोडें तेल घालून, दिवसांतून चार-पांच वेळां भरवावी. महागडा डबा आणण्याचा उपदेश तिनें कधीं केला नाहीं, कारण तो परवडणार नाहीं हें तिला स्वतःच्या घरावरून ठाऊक होतें.

पांचवी गोष्ट लसीची. गोवर म्हणजे देवीचा कोप, त्याला औषध करणें म्हणजे देवीचा अपमान, ही समजूत खोल रुजलेली होती. तीवर हंसून भागलें नसतें. सेविका त्याच देवीला हात जोडणारी असे. म्हणूनच ती सांगूं शके कीं, माझ्या मुलाला मी लस टोंचून घेतली आणि देवी रागावली नाहीं. ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्याच्याच तोंडून शास्त्र ऐकलें तर तें पटतें.

परंतु स्त्रियांनीं कितीहि शिकलें तरी घरांतील निर्णय पुरुषांच्या हातीं. म्हणून प्रकल्पानें गांवोगांव शेतकरी मंडळें स्थापन करविलीं. पुरुष आधीं शेतीच्या, जनावरांच्या, पाण्याच्या गोष्टींसाठीं एकत्र येत. ओघानें मुलीच्या लग्नाचें वय, दोन बाळंतपणांतील अंतर, सुनेचा आहार हे विषयहि निघत. मागाहून महिला मंडळें उभीं राहिलीं. सोळा वर्षांच्या अशक्त मुलीच्या पोटीं कमी वजनाचें बाळ जन्मतें आणि तें आधीं दगावतें. तेव्हां बालकाचें रक्षण करावयाचें तर त्याच्या जन्माच्या कित्येक वर्षें आधीं, त्याच्या आईच्या बालपणापासून आरंभ करावा लागतो. हें सूत्र या कार्याच्या मुळाशीं आहे.

फळ काय मिळालें? प्रकल्पाच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणें १९७१ सालीं हजारीं १७६ असलेलें अर्भकमृत्यूचें प्रमाण १९७६ सालीं ५२ वर आलें. पांच वर्षांत, दर हजारांमागें १२४ अधिक मुलें वांचूं लागलीं. १९८६ सालीं तें ४९ होतें आणि १९९३ सालीं १९. त्यानंतरच्या वर्षांत तें थोडें खालींवर होत राहिलें. पांच वर्षांखालील मुलांत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात व पोलिओ यांच्या लसी घेणाऱ्यांचें प्रमाण १९७१ सालीं शेंकडा अर्धें होतें; १९७६ सालीं तें शेंकडा ८१ झालें. ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, सर्व बालकांसाठींची राष्ट्रीय लसीकरण-मोहीम त्यानंतर, १९७८ सालीं सुरू झाली. कुपोषित मुलांचें प्रमाण शेंकडा ४० वरून १९८६ पर्यंत शेंकडा ५ वर आलें.

या आंकड्यांकडे डोळसपणें पाहावें. १९७६ ते १९८६ या दहा वर्षांत अर्भकमृत्यूचें प्रमाण जवळजवळ जागच्या जागीं राहिलें होतें. ज्या मृत्यूंचीं कारणें सोपीं, ते आधीं कमी होतात. अपुऱ्या दिवसांचीं, कमी वजनाचीं मुलें वांचविणें हें अधिक अवघड काम मागें राहतें. दुसरी शंका अशी कीं, त्या वर्षांत साऱ्या महाराष्ट्रांतच बालमृत्यु घटत होते. मग जामखेडचें श्रेय किती धरावें? या शंकेचें उत्तर शोधण्यासाठीं संशोधकांनीं प्रकल्पाचीं खेडीं व भोंवतालचीं इतर खेडीं यांची तुलना केली, आणि तिचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. एक महिन्याहून मोठ्या व पांच वर्षांहून लहान मुलांना मृत्यूचा जो धोका इतर खेड्यांत होता, त्याहून तो प्रकल्पाच्या खेड्यांत शेंकडा ३० नें कमी आढळला. १७६ वरून १९ या उतरणीइतका हा आंकडा दिपविणारा नाहीं. परंतु शंका घेऊन, तोलून मापून काढलेला असल्यामुळें त्याचें मोल अधिक आहे.

एका आडवळणाच्या तालुक्यांतील या कार्याकडे जगाचें लक्ष लौकरच गेलें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ सालीं निरनिराळ्या देशांतील यशस्वी आरोग्यकार्यांचा परिचय करून देणारा जो ग्रंथ काढला, त्यांत जामखेडवर एक प्रकरण होतें. पुढें १९७८ च्या सप्टेंबरांत आल्मा-आता येथें भरलेल्या परिषदेनें प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्यामागच्या विचाराला अशा अनुभवांचा आधार होता. १९७९ सालीं आरोळे पति-पत्नींस रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. १९९० सालीं रजनीकांतांना पद्मभूषण. मेबल १९९९ सालीं आणि रजनीकांत २०११ सालीं निवर्तले. कार्य मात्र थांबलें नाहीं. दुसरी पिढी तें पुढें चालवीत आली आहे, आणि देशोदेशींचे लोक जामखेडला येऊन शिकून गेले आहेत. त्या शिक्षणाचा एक विशेष असा कीं, परदेशींच्या पदवीधरांना शिकविणाऱ्यांत गांवच्या आरोग्यसेविकाहि असतात.

याच विचाराचा दुसरा धागा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकाला, गडचिरोलींत सांपडतो. तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था काढली आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांतील मृत्यूंकडे मुख्यतः लक्ष वेधलें. गांवांतल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकाची घरच्या घरीं काळजी घेतली तर हे मृत्यु निम्म्याहून अधिक घटतात, असें त्यांनीं १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत दाखवून दिलें. जामखेडनें जें काम अवघड म्हणून मागें राहिलेलें पाहिलें, त्याला गडचिरोलीनें असा हात घातला.

२००५ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलें आणि साधारणतः हजार लोकवस्तीमागें एक याप्रमाणें ‘आशा’ नांवाच्या आरोग्य-कार्यकर्त्या नेमण्यास आरंभ झाला. गांवानें आपल्यांतूनच आपली आरोग्यसेविका घ्यावी ही मूळ कल्पना आतां देशव्यापी झाली. महाराष्ट्रांतील अर्भकमृत्यूचें प्रमाण २०२० सालच्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणें हजारीं १६ वर आलें होतें, तर साऱ्या देशाचें २८ होतें. यांत या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा गौरव केला तो यथार्थच होता.

तथापि योजना उचलली म्हणजे तिचा प्राणहि उचलला गेला असें नव्हे. जामखेडची सेविका गांवाला उत्तर देई. डॉक्टर तिच्याकडून गांव समजावून घेत. तिचा शब्द चालत असे. आशेकडे मात्र कागद भरण्याचें काम वाढत गेलें आहे, आणि सरकारच्या लेखीं ती ‘स्वयंसेविका’ असल्यामुळें तिला वेतनाऐवजीं मानधन मिळतें. तें पुरेसें व वेळेवर मिळावें म्हणून तिला आंदोलनें करावीं लागलीं आहेत. जामखेडनें स्वयंसेवा मागितली, पण तिच्याबरोबर प्रतिष्ठा दिली, शिक्षण अखंड चालूं ठेवलें आणि पोटापाण्याची वाट काढून दिली. यांपैकीं सेवा तेवढी घ्यावयाची आणि बाकीचें विसरावयाचें, हा व्यवहार फार काळ टिकणार नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना यांतून घेण्यासारखें काय आहे? धर्मादायाची आपली कल्पना बहुधा रुग्णालयाला खाट देणें, यंत्र देणें, भिंतीवर नांवाची शिळा बसविणें, येथवर जाते. तेंहि हवेंच, शस्त्रक्रिया कांहीं चुलीपाशीं होत नाहीं, आणि जामखेडलाहि रुग्णालय आहेच. परंतु ज्ञान हें असें दान आहे कीं, तें देणाऱ्याचें कमी होत नाहीं आणि घेणाऱ्याला मिंधें करीत नाहीं. आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईचें तान्हें मूल हगवणीनें हैराण झालें असेल, तर तिला दहा रुपये देऊन सुटी देण्यापूर्वीं मीठ-साखरेच्या पाण्याचें प्रमाण समजावून सांगावें. इमारतीच्या बांधकामावरील मजुरांचीं मुलें आपल्याच फाटकासमोर वाढतात. त्यांना लस मिळाली आहे कीं नाहीं याची चौकशी जवळच्या केंद्रांत करावयास पैसा लागत नाहीं. आणि आपल्या वस्तींत आशा किंवा अंगणवाडीसेविका आली तर तिला दारांतूनच वाटेला न लावतां बसावयास खुर्ची द्यावी, तिचें बोलणें ऐकावें. तिला मान मिळाला तर तिच्या शब्दाला वजन येईल, आणि त्या वजनावरच शेजारच्या झोंपडींतील एखादें मूल आपला पहिला वाढदिवस पाहील.